पदवी पाहा आणि पद्धतही विचारा

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता; गेल्या दिवाळीपासून घरीच आहे. त्याला हात धुण्याचा नाद लागला आहे. बेसिनपाशी गेला की अर्धा-अर्धा तास येत नाही, हातांची सालपटे निघाली आहेत. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्याशिवाय तो फ्रिजमध्ये ठेवू देत नाही. बाहेरून आलेल्याने आंघोळ केल्याशिवाय सोफ्यावर बसायचे नाही, असा त्याचा नियम आहे. "आई, माझा हात कडीला लागला का?" हे तर दिवसभर चालू असते. आधी आम्हाला वाटले, आजीच्या सोवळ्याचे वळण आले असेल. मग ओळखीतल्या एका समुपदेशकांकडे काही वेळा नेले. ते फार मायेने बोलत, "हात स्वच्छ आहेत, मन शांत ठेव" असे सांगत, श्वसनाचे व्यायाम देत. दोन दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. आता भाचीने कोल्हापूरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंची माहिती पाठवली आहे. तीत लिहिले आहे : 'एम.फिल., आरसीआय नोंदणीकृत, सीबीटी व ईआरपी, मानसशास्त्रीय चाचण्या, एकात्मिक दृष्टिकोन'. आम्हाला यातले काही कळत नाही. नुसत्या बोलण्याने असा आजार जातो का? जात असेल तर आधी का गेला नाही? या बाईंना पारखायचे कसे? आणि तो आत काय बोलतो ते आम्हाला कळेल का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण 'आधी का गेला नाही?' हा एक नीट सुटला तर बाकीच्यांची उत्तरे सोपी होतात. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय निदान करता येत नाही आणि ते मी इथे करणार नाही. तरीही तुम्ही वर्णन केलेली लक्षणे ज्या आजाराकडे बोट दाखवतात त्याला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ असाही शब्द आहे. या आजारात दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात. एक म्हणजे नको असताना मनात घुसणारा विचार : 'कडीला हात लागला असेल, त्यावर काहीतरी असेल, ते माझ्यामुळे आईला होईल.' दुसरी म्हणजे त्या विचाराने उठलेली भीती शमवण्यासाठी केलेली कृती : धुणे, पुसणे, मोजणे, पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेणे. कृती केली की भीती उतरते आणि क्षणभर सुटका वाटते. पण धुतले म्हणूनच वाचलो, असाच धडा मन त्या सुटकेतून घेते, आणि पुढच्या वेळी धुण्याची ओढ आणखी वाढते. हे तुमच्या मुलाला कळत नाही असे समजू नका. आपण करतो ते अति आहे हे या आजारातल्या बहुतेकांना चांगले ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही थांबवता येत नाही हेच त्यांचे खरे दुःख असते.

आता त्या समुपदेशकांचे वाक्य पुन्हा वाचा : "हात स्वच्छ आहेत, मन शांत ठेव." हे वाक्य सद्भावनेने उच्चारलेले होते याबद्दल मला शंका नाही. मात्र हात धुतल्यावर जी सुटका मिळते तीच मुलाला या वाक्यातूनही मिळाली, आणि दोन दिवसांत ती विरून गेली. ओसीडीमध्ये दिलासा मागणे हीदेखील धुण्याच्याच जातीची कृती असते. फरक एवढाच, की इथे साबणाऐवजी दुसऱ्या माणसाचे शब्द वापरले जातात. निराशेत, शोकात किंवा नात्यांमधल्या कोंडीत अशा मायेच्या ऐकण्याचे आणि धीर देण्याचे मोल फार मोठे आहे. या एका आजारात मात्र नुसता धीर देत राहिल्याने आजार जिथल्या तिथे राहतो, काही वेळा वाढतोही. त्यामुळे बोलून उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. उपचाराची पद्धत आजाराला लागू पडणारी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ आहे. बोलण्याच्या उपचारांतही औषधांइतकाच फरक असतो, आणि कोणत्या तक्रारीला कोणता उपचार हे ठरवण्यासाठीच प्रशिक्षण लागते.

त्या प्रशिक्षणाकडे वळू. भाचीने पाठवलेल्या माहितीतली पहिली दोन अक्षरे, 'एम.फिल.', इथे महत्त्वाची आहेत. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्याचा रुळलेला मार्ग असा : मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजीतले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हे एम.फिल. इतर विषयांतल्या एम.फिल.सारखे मुख्यतः ग्रंथालयात बसून करायचे नसते. ते मनोरुग्णालयात किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात होते. विद्यार्थी रोज रुग्ण पाहतो, त्यांचा इतिहास लिहितो, चाचण्या घेतो, उपचार करतो, आणि या प्रत्येक गोष्टीवर ज्येष्ठांची देखरेख असते. बंगळूरच्या आजच्या निम्हान्समध्ये, तेव्हाच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, १९५५ मध्ये सुरू झालेल्या पदविकेपासून हे शिक्षण आपल्या देशात आकाराला आले. रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थाही त्यातले जुने नाव आहे. मी देखरेखीवर इतका भर देते त्याला कारण आहे. बंद खोलीत दोन माणसांत जे घडते ते बाहेरच्या कोणाला दिसत नाही. आपण रुग्णाला नकळत काय शिकवत आहोत, हे शिकाऊ थेरपिस्टला त्याच्यावर लक्ष ठेवणारा अनुभवी माणूसच दाखवून देऊ शकतो. दिलासा देण्याचा मोह हे त्याचे नेमके उदाहरण आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, जो मे २०१८ पासून लागू आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे याची व्याख्याच दिली आहे, आणि तीत या देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. 'आरसीआय' म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. १९९२ च्या कायद्यानुसार ही परिषद अशा व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवते. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो, त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. भाचीला हे काम पाच मिनिटांत करता येईल. मात्र एक गोष्ट तिला आवर्जून सांगा. परिषदेच्या नोंदवहीत विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ असे इतरही वर्ग आहेत. ती सगळी मोलाची कामे आहेत, परंतु 'आरसीआय नोंदणीकृत' एवढे वाचून थांबू नये. नोंदणी कोणत्या वर्गात आहे ते पाहावे. पुढे कोणाच्या नावापुढे एम.फिल.ऐवजी साय.डी. (मानसशास्त्रातली डॉक्टरेट) किंवा दुसरी पदवी दिसली तर तेवढ्यावरून शंका घेण्याचे कारण नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद करायचे ठरवले, या विषयाला काही काळ मुदतवाढ मिळाली, आणि आता दुसरे अभ्यासक्रम पुढे येत आहेत. त्या वेळी पदवीच्या नावापेक्षा नोंदणीचा वर्ग पाहणे अधिक भरवशाचे.

समुपदेशकांबद्दल अन्याय होऊ नये म्हणून दोन वाक्ये. आपल्याकडे उत्तम शिकलेले, वर्षानुवर्षे निष्ठेने काम करणारे समुपदेशक आहेत, आणि शाळा-महाविद्यालयांतून व कौटुंबिक प्रश्नांत त्यांचा मोठा आधार असतो. अडचण अशी, की काही आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग केलेली व्यक्तीही हीच पाटी लावू शकते, आणि बाहेरून दोघांतला फरक ओळखता येत नाही. तेव्हा विचारायला संकोच करू नका. चांगला समुपदेशक स्वतःहून सांगतो, की ही तक्रार माझ्या कक्षेतली नाही, तुम्ही अमक्याकडे जा.

मात्र पदवी आणि नोंदणी यांतून फक्त किमान पात्रता कळते. तुमच्या मुलाच्या आजारावर काम करायला ही व्यक्ती योग्य आहे की नाही, ते त्या माहितीतल्या पुढच्या शब्दांवर ठरेल.

'सीबीटी' म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती. अमेरिकेत अ‍ॅल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिची पायाभरणी केली. एलिस यांची पद्धत महाराष्ट्राला विशेष परिचयाची आहे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली, मराठीतून शिकवली, आणि त्यामुळे आपल्याकडच्या अनेक थेरपिस्टच्या माहितीत 'आरईबीटी' किंवा 'विवेकनिष्ठ उपचार' असे शब्द दिसतात. घटना आपल्याला थेट दुःख देत नाही, त्या घटनेबद्दलच्या हट्टी समजुती देतात, हे तिचे सूत्र. आजारी पडलो म्हणजे मी नालायक ठरलो, असे तुमच्या मुलाला वाटत असेल, आणि परीक्षा अर्धवट सोडून आलेल्या मुलाला तसे वाटण्याचा संभव मोठा आहे, तर तिथे ही पद्धत फार उपयोगी पडेल. पण 'कडीवर जंतू असतीलच कशावरून?' असा विवेकाचा वाद घालून ओसीडी हटवायला गेले, की तो वादच नवे कर्मकांड बनतो. मूल मनातल्या मनात तासन् तास दोन्ही बाजूंनी वकिली करत बसते.

म्हणून मला त्या माहितीतली 'ईआरपी' ही अक्षरे सर्वांत आश्वासक वाटली. भीतीला सामोरे जायचे आणि त्यानंतरची कृती करायची नाही, असे या पद्धतीचे दोन भाग आहेत. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवरील असे उपचार प्रसिद्ध केले. रुग्णाला भीती वाटेल अशा गोष्टींच्या सान्निध्यात ठेवायचे आणि धुण्यासारखी कर्मकांडे नर्सच्या देखरेखीखाली होऊ द्यायची नाहीत, असे त्याचे स्वरूप होते. तोपर्यंत हा आजार जवळजवळ असाध्य मानला जाई. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात ही पद्धत पुष्कळ बदलली, सौम्य झाली, रुग्णाच्या संमतीवर उभी राहिली, आणि आज जगभरच्या उपचार-मार्गदर्शिकांत ओसीडीवरचा पहिल्या पसंतीचा मानसोपचार म्हणून तिची नोंद आहे.

ती प्रत्यक्षात कशी चालते ते थोडे जवळून सांगते, कारण आई म्हणून तुम्हाला ती प्रथमदर्शनी कठोर वाटेल. पहिल्या दोन-तीन भेटींत थेरपिस्ट कशालाही हात लावायला सांगणार नाही. ती विचारेल, ऐकेल, आणि येल-ब्राउन नावाच्या मापनश्रेणीवर आजाराची तीव्रता मोजेल. दहा प्रश्नांची ही श्रेणी ० ते ४० अशी असते, आणि पुढे उपचाराचा फरक पडतो आहे का हे तिच्यावरूनच पाहिले जाते. त्या श्रेणीला जोडलेल्या यादीत धुण्याखेरीज इतरही विचारांची चौकशी असते : कोणाला इजा करण्याचे, देवाबद्दलचे, लैंगिक स्वरूपाचे, ज्यांची रुग्णाला इतकी लाज वाटते की विचारल्याशिवाय तो आयुष्यात कधी बोलणार नाही. (माहितीतल्या 'मानसशास्त्रीय चाचण्या' या शब्दांनी दबून जाऊ नका. बुद्धिमापन, उदाहरणार्थ व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतरित केलेली बिने-कामत चाचणी, हाही या शिक्षणाचा भाग असतो, पण तुमच्या मुलाला तिची गरज दिसत नाही. अकारण चाचण्यांची लांब यादी आणि तिचे बिल हातात पडले, तर कशासाठी ते विचारा.)

मग दोघे मिळून भीतीची एक उतरंड लिहितात. घराच्या दाराची कडी, बाहेरून आलेली दुधाची पिशवी, एस.टी.तला दांडा, बसस्थानकावरच्या शौचालयाची कडी. प्रत्येकापुढे ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा, आणि तो आकडा मुलानेच द्यायचा. समजा कडी ३५, पिशवी ५०. सुरुवात कडीपासून. थेरपिस्ट आधी स्वतःचा तळहात कडीवर ठेवते, मग मुलगा ठेवतो, आणि दोघे येऊन बसतात. हात धुवायचे नाहीत, पॅन्टला पुसायचे नाहीत, मनात मंत्र म्हणायचा नाही. काही मिनिटांनी ती विचारते, आता किती? पन्नास. पुन्हा काही मिनिटांनी : पंचावन्न. नंतर चाळीस. मधेच तो विचारतो, "काही होणार नाही ना?" सगळ्या उपचाराचे मर्म या ठिकाणी आहे. ती "नाही होणार" असे म्हणत नाही. ती म्हणते, "बहुतेक नाही होणार, पण खात्री मी देणार नाही; ती अनिश्चितता घेऊन आपण इथेच बसू." भीती प्रत्येक वेळी शून्यावर येईलच असे नाही, आणि ती यायलाच हवी असेही आता मानले जात नाही. खात्री मिळाली नाही तरी आपण तग धरतो, आणि ज्याची धास्ती घेतली होती ते घडले नाही, हा अनुभव महत्त्वाचा. मग घरी रोज तोच सराव, वहीत नोंद, आणि पुढच्या आठवड्यात पिशवी. साधारण १२ ते २० सत्रे, आठवड्याला एक, प्रत्येक सत्र पाऊण ते दीड तासाचे, असा आराखडा बहुधा असतो. उपचार शेवटपर्यंत नेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ठळक फरक पडतो. सर्वांना पडत नाही, आणि काहींना मध्येच सोडून द्यावेसे वाटते, हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही. सक्ती, फसवणूक, अचानक धक्का यांना या पद्धतीत स्थान नाही. मुलगा 'हो' म्हणेल तीच पायरी घ्यायची.

राहिला 'एकात्मिक दृष्टिकोन'. या दोन शब्दांपाशी मी असते तर थांबून प्रश्न विचारला असता. चांगल्या अर्थाने त्याचा आशय असा, की थेरपिस्ट एकाच पंथाला बांधलेली नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितलेला निर्व्याज स्वीकार आणि रुग्णाच्या जागी उभे राहून समजून घेणे हा तिच्या वागण्याचा पाया आहे, त्यावर ईआरपीची शिस्त आहे, आणि गरजेनुसार कुटुंबाबरोबरचे काम आहे. असे असेल तर यापरते काय हवे? विश्वासाचे नाते जमल्याशिवाय कोणीही माणूस आपल्या सर्वांत मोठ्या भीतीवर तळहात ठेवायला तयार होणार नाही. पण याच शब्दांखाली कधी थोडे संमोहन, थोडे ध्यान, थोड्या गप्पा अशी दिशाहीन भेळही दडलेली असते. दोन्हींतला फरक कळायला पहिली भेट पुरते. तिला सरळ विचारा : तुम्ही ओसीडीच्या रुग्णांबरोबर ईआरपी स्वतः करता का, त्याचे प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली घेतले, सत्रात नेमके काय होईल, फरक कशावरून मोजाल, आणि दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर पुढे काय कराल? ज्याला आपले काम येते त्याला हे प्रश्न अपमानास्पद वाटत नाहीत. तो साध्या मराठीत, उदाहरणे देऊन उत्तरे देतो. जी व्यक्ती अवघड शब्दांच्या आड जाते, इतक्या सत्रांत पूर्ण बरे करण्याची हमी देते, किंवा तुम्ही न विचारताच औषधे बंद करायला सांगते, तिच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

औषधांचा विषय निघालाच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे लिहून देत नाही. तो अधिकार मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा. तुमच्या मुलाचा दिवसाचा एवढा वेळ आजारात जात असेल तर मनोविकारतज्ज्ञांची भेटही जरूर घ्या. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे ओसीडीत उपयोगी ठरलेली आहेत. त्यांचा परिणाम पाहायला ८ ते १२ आठवडे लागतात, मात्रा नैराश्यात लागते त्याहून बहुधा जास्त असते, झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची चटक लागत नाही, आणि ती मनाने अचानक थांबवायची नसतात. औषध आणि ईआरपी एकत्र चालू शकतात. मध्यम ते तीव्र आजारात तर दोन्ही एकत्र सुरू करणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते.

तो आत काय बोलतो ते तुम्हाला कळेल का? तो सज्ञान आहे, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय कळणार नाही, आणि तसे न कळणेच त्याच्या हिताचे आहे. २०१७ च्या कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जिवाला धोका, दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा संभव अशा मोजक्या प्रसंगीच तिला अपवाद आहेत. आईला हे जड जाते हे मी जाणते. पण यादीतल्या ज्या लाजिरवाण्या विचारांचा मी उल्लेख केला, ते बाहेर पोहोचणार नाहीत अशी खात्री असेल तरच त्याच्या तोंडून निघतील. तुम्हाला थेरपिस्टला काही सांगायचे असेल, त्याचे रोजचे वागणे, जेवण, झोप, तर जरूर सांगा; ऐकण्यावर कसलेही बंधन नाही. मात्र मुलाच्या नकळत सांगू नका.

आणि तुम्हाला या उपचारात मोठे काम आहेच. दुधाच्या पिशव्या तुम्ही धुता, सोफ्याचा नियम घरातले सगळे पाळतात, "लागला का?" याचे उत्तर तुम्ही दिवसभर देता. मुलाचा त्रास पाहवत नाही म्हणून तुम्ही हे करता, आणि अशा घरांतून जवळजवळ प्रत्येक आई-वडील हेच करतात. त्यात दोषाचा प्रश्नच नाही. तरीही परिणाम असा होतो, की आजाराचे नियम सगळे घर पाळू लागते आणि त्या नियमांना आव्हान मिळत नाही. चांगली थेरपिस्ट एखाद-दुसऱ्या सत्रात तुम्हाला आणि यजमानांना बोलावील, आणि यातली कोणती गोष्ट कधी व कशी कमी करायची ते मुलाच्या समोर, त्याच्या संमतीने ठरवील. उदाहरणार्थ, प्रश्न आला की चिडायचे नाही आणि उत्तरही द्यायचे नाही; "हा आजाराचा प्रश्न आहे ना? तुला किती अवघड जाते ते दिसते आहे मला," एवढेच म्हणायचे. हे वाचून आज संध्याकाळपासून एकदम सगळे बंद करू नका. तयारीशिवाय आधार काढून घेतला तर भीती अनावर होते आणि घरात भांडणे पेटतात. यजमान रागावून नळ बंद करत असतील तर तेवढे मात्र आजच थांबवायला सांगा. मेयर यांच्या रुग्णालयातला अटकाव हा ठरवून केलेला, पाठीशी माणूस उभा असलेला उपचार होता, घरातल्या रागाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

खर्चाची आणि अंतराची चिंता तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. ईआरपीची बरीचशी सत्रे व्हिडिओवरूनही चांगली होतात, आणि घरातली कडी, घरातली पिशवी घरातच असल्याने त्याचा एक फायदाही असतो. पहिल्या काही भेटी समोरासमोर झालेल्या बऱ्या. सरकारी व्यवस्थेत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची तरतूद आहे. सांगलीत चौकशी करा, आणि ईआरपी केली जाते का हा प्रश्न तिथेही विचारा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात जाण्यासाठी दाखल व्हावे लागत नाही. मुलगा कधी जगणे नको झाल्याचे बोलू लागला, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येते; धोका समोर दिसत असेल तर त्याला एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठा.

कोल्हापूरची वेळ घेताना मुलाला 'तुला बरे करायला नेतो' असे म्हणू नका, 'या बाई या आजारावर काम करतात, एकदा भेटून त्यांची पद्धत ऐकून घेऊ, पुढचे तू ठरव' असे म्हणा. आधीच्या अनुभवानंतर तो नकार देण्याची शक्यता आहे. तसे झाले तर वेळ रद्द करू नका. तुम्ही दोघे नवरा-बायको जा, घरात काय चालते ते सांगा, आणि आपल्या बाजूने काय बदलता येईल ते शिकून या. आई-वडिलांनी सुरुवात केल्यावर काही आठवड्यांनी मुलगा स्वतःहून आला, असे मी या कामात अनेकदा पाहिले आहे.